अधांतरी उभे राहण्याची विद्या

बालाघाटाच्या माळावर किंवा गोदाकाठच्या रानात आपण कधीतरी कापशी घार पाहिली असेल. पांढरट-करड्या रंगाचा, लाल डोळ्यांचा हा लहानसा शिकारी पक्षी पिकातल्या उंदरावर नजर ठेवून हवेत एकाच जागी उभा राहतो. त्याचे डोके खिळ्याला टांगल्यासारखे स्थिर असते. पण पंख आणि शेपटी पाहा, त्यांना क्षणाची उसंत नसते. वारा जरा वाढला की पंख आखडतो, जरा पडला की पसरतो. आपल्याला जे स्थिर दिसते ते त्या अखंड हालचालीचे फळ असते. रिमोटवर चालणारे लहान हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर कसे ठेवावे, हा आजचा विषय आहे, आणि त्याचे मर्म या घारीत पुरते सामावलेले आहे.

कोणी म्हणेल, हा तर पैसेवाल्यांच्या पोरांचा खेळ. ऊसतोडीला आणि पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या आपल्या बीड जिल्ह्याला याचे काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. कापसावर, तुरीवर, उसावर औषध फवारणारे ड्रोन आता गावोगाव येऊ लागले आहेत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला मंजुरी दिली. देशातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे आणि गटातल्या बाईला १५ दिवसांचे शिक्षण द्यायचे, अशी ती योजना. म्हणजे रिमोट आता आपल्याच घरातल्या लेकीसुनांच्या आणि मुलांच्या हाती येतो आहे.

हे ड्रोन उपग्रहांचे संकेत घेऊन आपले ठिकाण ओळखते आणि दांडी सोडली की आपोआप एका जागी थांबते. चालवणाऱ्याला वाटते, थांबवणारे आपणच. पण कधी संकेत तुटतो, कधी होकायंत्र बिघडते. अशा वेळी बहुतेक ड्रोन स्वतःला आडवे सपाट तेवढे ठेवते; एका जागी राहत नाही, वाऱ्याबरोबर वाहू लागते. ताशी १५ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ४ मीटरहून जास्त. चालवणारा पाच सेकंद नुसता पाहत राहिला तर यंत्र पंधरा-वीस मीटर सरकते. तेवढ्यात बांध येतो, विजेची तार येते, खुरपणाऱ्या बायाही येतात. १० लिटरची टाकी भरलेले सुमारे २५ किलो वजनाचे यंत्र, आणि त्याला आठ-आठ इंचांहून मोठी फिरती पाती! त्या घटकेला कामाला येते ती हाताला लागलेली सवय. ही सवय लावण्याचे सगळ्यात कडक आणि सगळ्यात चांगले साधन म्हणजे मॉडेल हेलिकॉप्टर, कारण त्याला एका जागी ठरण्याची आपोआप बुद्धी नसते. त्याला ठरवावे लागते ते आपल्याच बोटांनी.

आता हे यंत्र उडते कसे ते पाहू. मोठा पंखा फिरतो, हवा खाली ढकलतो आणि त्या बदल्यात यंत्र वर उचलले जाते. पण पंखा एका बाजूने फिरला की यंत्राचे अंग उलट्या बाजूने फिरू पाहते. म्हणून शेपटीला छोटा उभा पंखा लावलेला असतो. तो शेपूट धरून ठेवतो. इथे एक मौज आहे. शेपटीचा पंखा शेपूट धरता धरता सगळ्या यंत्रालाच बाजूला ढकलतो. बहुतेक मॉडेल हेलिकॉप्टरांचा मोठा पंखा वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. अशा यंत्राला शेपटीचा पंखा डावीकडे लोटतो. तो लोटा मोडून काढण्यासाठी यंत्र उजवीकडे किंचित कलूनच हवेत उभे राहते. नवशिक्याला वाटते, यंत्र वाकडे आहे, आणि तो ते सरळ करू जातो; केले की ते डावीकडे निघाले! तेव्हा हे ध्यानात ठेवावे, की स्थिर हेलिकॉप्टर नेहमी जरासे तिरपे असते. फ्रेंच परवान्यावर आपल्या देशात बनलेल्या चेतक हेलिकॉप्टरचा पंखाही याच दिशेने फिरतो.

रिमोटवर दोन दांड्या असतात. सर्वसाधारण मांडणीत डाव्या दांडीने यंत्र वर-खाली जाते आणि त्याचे नाक डावी-उजवीकडे वळते. उजव्या दांडीने पंख्याचे चाक पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलते. काही रिमोटवर मांडणी याहून वेगळी असते; जी शिकाल ती पुन्हा बदलू नका. कामे चार, बोटे दोन, आणि एका कामात हात घातला की उरलेल्या तिन्हींवर थोडा परिणाम होतो. वर नेले की शेपूट सरकू पाहते, कलवले की उंची थोडी घटते. म्हणूनच पहिल्या दिवशी माणूस गांगरून जातो.

पण खरी अडचण आणखी खोल आहे. सायकलचे हँडल वळवले की सायकल वळते, सोडले की सरळ होते. हेलिकॉप्टरचे तसे नाही. दांडीने यंत्र कलते. कलले की ते सरकू लागते. आणि कललेले असेल तोवर त्याचा वेग वाढतच जातो. हिशेबच पाहा. यंत्र नुसते ५ अंश कलले, डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकेच. पहिल्या सेकंदात ते अर्धा मीटरही सरकत नाही. दोन सेकंद संपता संपता पावणेदोन मीटर. तिसऱ्या सेकंदाअखेर जवळजवळ ४ मीटर, आणि वेग ताशी ९ किलोमीटर! आता घाबरून तुम्ही यंत्र सपाट केलेत, तरी ते थांबत नाही. मिळालेल्या वेगाने पुढे जातच राहते. थांबवायला ते उलट कलवावे लागते आणि वेग मेला की पुन्हा सपाट करावे लागते.

यात सगळी विद्या आली. नवशिक्या यंत्र कुठे गेले ते पाहतो. जाणता ते कसे कलले ते पाहतो. सरकणे दिसेपर्यंत थांबलात तर तुम्ही दोन सेकंद मागे आहात. कल दिसताक्षणी बोट हलवलेत तर सरकणे घडतच नाही. म्हणून नियम असा: द्या, काढा, आणि थोडे उलट द्या. म्हणजे दांडी थोडी दाबायची, लगेच मध्यावर आणायची, आणि यंत्र जागेवर येता येता किंचित उलट दाबून त्याचा वेग मारायचा. दांडी दाबून धरून ठेवणे हे बहुतेक अपघातांचे मूळ. मोठा धक्का एकदा देण्यापेक्षा बारीक टिचक्या वरचेवर द्याव्यात.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. ऊसतोड कामगार डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढतो तेव्हा काय करतो? फळी लवते, मोळी डुलते, आणि त्याची मान, कंबर, पावले क्षणोक्षणी थोडी थोडी सावरत असतात. मोळी कलंडल्यावर सावरीन म्हणाला तर तो गेलाच. तो मोळीचा कल मानेतून ओळखतो. हेलिकॉप्टर चालवणाऱ्याला ही मानेची ओळख डोळ्याने मिळवावी लागते, कारण यंत्र त्याच्या अंगाला लागलेले नसते. शिक्षकांनी वर्गात हे दाखवायचे तर तळहातावर काठी उभी तोलायला सांगावी. तळाकडे पाहणाऱ्याची काठी पडते. शेंड्याकडे पाहणाऱ्याची टिकते. आणखी गंमत अशी, की आखूड काठीपेक्षा लांब काठी तोलायला सोपी. ती सावकाश कलते, सावरायला वेळ देते. हेलिकॉप्टरचेही असेच आहे. फार चिमुकले यंत्र वाऱ्याच्या झुळकेने पळते. थोडे मोठे यंत्र संथ असते. पण मोठ्याचा धोकाही मोठा, म्हणून घरातल्या बंद जागेत चिमुकल्यावर सुरुवात करावी आणि हात बसल्यावरच मोठ्याकडे वळावे.

शिकण्याचे धडे मी क्रमाने सांगतो.

पहिला धडा यंत्राशिवाय. संगणकावर हेलिकॉप्टर उडवण्याची शिकवणी मिळते. शाळेच्या संगणकाला रिमोट जोडून ती वापरता येते. तिथे शंभर वेळा आपटले तरी एक रुपयाचे नुकसान नाही. रोज वीस मिनिटे, असे काही आठवडे करावे. एकाच दिवशी चार तास बसण्याने बोटे शिकत नाहीत, थकतात.

दुसरा धडा जमिनीवरचा. यंत्राच्या पायांना दोन हलक्या काठ्या आडव्या-उभ्या बांधाव्यात आणि चारही टोकांना हलके चेंडू लावावेत. पाया रुंद झाला की यंत्र सहसा कलंडत नाही. पंखा फिरवून, यंत्र उचलले न जाता नुसते हलके होईल इतकेच बळ द्यावे आणि फक्त नाक सरळ ठेवण्याचा सराव करावा. इथे नजर नाकावर ठेवावी, शेपटीवर नाही. डावे दिले की नाक डावीकडे जाते आणि शेपूट उजवीकडे, म्हणून शेपटीकडे पाहणारा हमखास गोंधळतो. खऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकालाही सहसा असेच शिकवतात. गुरू आधी एकच नियंत्रण शिष्याच्या हाती देतो, उरलेली स्वतःकडे ठेवतो. आपल्या सैन्याचे हेलिकॉप्टर वैमानिक नाशिकच्या प्रशिक्षण शाळेत शिकतात. तिथेही हवेत एका जागी ठरणे हा पायाचा धडा असतो.

तिसरा धडा उचलण्याचा. यंत्राची शेपूट आपल्याकडे, नाक समोर, आणि आपण त्याच्या मागे चार-पाच मीटरांवर. असे उभे राहिले की त्याचे डावे ते आपलेही डावे. आता उचलताना कचरू नये. अर्धवट उचललेले यंत्र फार दगा देते. एक पाय गवतात किंवा काळ्या मातीच्या चिखलात अडकला आणि दुसरा सुटला, की यंत्र अडकलेल्या पायाभोवती गरकन उलटते. म्हणून जागा कोरडी, सपाट, घट्ट मुरमाची हवी. शिवाय जमिनीच्या अगदी जवळ पंख्याची खाली गेलेली हवा आपटून परत येते आणि यंत्र तेल लावलेल्या परातीवर ठेवल्यासारखे घसरते. पंख्याच्या व्यासाइतके वर गेले की ही घसरण बरीच कमी होते. तेव्हा भीतीने चार बोटांवर रेंगाळण्यापेक्षा कमरेएवढ्या उंचीवर जाणे अधिक सुरक्षित. पहिल्यांदा दोन सेकंद ठरले तरी पुष्कळ. मग उतरवावे, श्वास घ्यावा, पुन्हा उचलावे.

चौथा धडा मोजमापाचा. जमिनीवर चुन्याने तीन मीटरांचा चौकोन आखावा आणि यंत्र त्याच्यावर ठेवावे. आधी दहा सेकंद, मग तीस, मग एक मिनिट. पुढे चौकोन लहान करत जावा. एका मिनिटाचा ठराव सलग दहा वेळा जमला म्हणजे धडा झाला. एकदा जमला तो योगायोग समजावा.

पाचवा धडा तोंडे फिरवण्याचा. यंत्राचे नाक थोडे डावीकडे, मग उजवीकडे, मग पूर्ण आडवे करून ठरवावे. शेवटी नाक आपल्याकडे. इथे डावे-उजवे उलटते आणि जमलेली सगळी विद्या एकाएकी विसरल्यासारखी होते. यासाठी जुन्या जाणत्यांची एक युक्ती आहे. यंत्र तुमच्यासमोर ज्या बाजूला पडू लागेल, त्याच बाजूला दांडी द्यावी. जणू पडत्या भिंतीला टेकू लावावा. ही युक्ती नाक समोर असतानाच लागू, हे विसरू नये. आणि गोंधळ झालाच तर यंत्राशी झटापट न करता शेपूट पुन्हा आपल्याकडे वळवावी.

किती दिवसांत येईल, असे मुले विचारतात. त्यांना इगोर सिकोर्स्की यांची हकिगत सांगावी. स्वतः हेलिकॉप्टर बनवणारे हे गृहस्थ १४ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेत आपले यंत्र घेऊन जमिनीपासून उचलले गेले, तेव्हा ते यंत्र दोरांनी बांधलेले होते आणि उड्डाण काही सेकंदांचेच होते. मोकळे उड्डाण व्हायला १३ मे १९४० उजाडला. आणि ६ मे १९४१ रोजी त्याच यंत्रावर ते १ तास ३२ मिनिटे हवेत राहिले. तो त्या काळचा विक्रम ठरला. दोराने बांधलेल्या काही सेकंदांपासून दीड तासापर्यंत यायला कर्त्यालाही वीस महिने लागले. शेतीचे म्हणाल तर जपानमध्ये यामाहा कंपनीने १९८७ मध्येच भातावर फवारणी करणारे बिनमाणसाचे हेलिकॉप्टर बाजारात आणले. म्हणजे रिमोटवरच्या हेलिकॉप्टरला औतफाट्याच्या रांगेत बसून बराच काळ लोटला आहे.

आता सावधगिरीचे चार शब्द, आणि हे शिक्षकांनी विशेष ऐकावेत. साधारण पाऊण किलोच्या विजेवरच्या मॉडेलचा पंखा सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे घेतो. म्हणजे पात्याचे टोक ताशी सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. याला खेळणे म्हणू नये. कोयत्याला धार असते तशी याला गती असते. मुलांना पंधरा-वीस मीटर मागे, चालवणाऱ्याच्या पाठीशी उभे करावे. एका वेळी एकच यंत्र. पाती जरा चिरलेली दिसली तरी ती बदलावीत, चिकटपट्टीने सांधू नयेत. पंखा पूर्ण थांबल्यावाचून कोणी पुढे धावू नये. आणि यंत्र हातातून जाते आहे असे वाटले, तर ते वाचवण्याचा मोह सोडून पंख्याची वीज तोडण्याचे बटण दाबावे. मोडलेले यंत्र दुरुस्त होते.

वेळ सकाळची, उन्हे चढण्याआधीची. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी माळ तापला की वावटळी उठतात. तेव्हा रिमोट पेटीतच बरा. यातली लिथियम बॅटरी तापट स्वभावाची असते. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी वापरू नये, चार्जिंगला लावून झोपी जाऊ नये, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. पूर्ण रिकामी होईपर्यंत उडवूही नये. पाचवा हिस्सा शिल्लक असतानाच उतरावे.

कायद्याचेही भान हवे. २५ ऑगस्ट २०२१ पासून देशात ड्रोन नियम लागू झाले. २ किलोपर्यंतचे यंत्र धंद्यासाठी नव्हे तर हौसेने किंवा शिकण्यासाठी उडवणाऱ्याला या नियमांनुसार वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन फवारणी करायची तर मात्र मान्यताप्राप्त संस्थेत शिकून प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी वय १८ पूर्ण आणि दहावी पास, अशी अट या नियमांत आहे. नकाशावर मोकळीक आणि मनाई यांचे भाग रंगांनी दाखवलेले असतात. नियमांत बदल होत असतात, म्हणून उडवण्याआधी तो नकाशा आणि नोंदणीची अट सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, प्रत्येक मुलाला यंत्र घेऊन देणे कोणत्याही शाळेला परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. शाळेत किंवा चार-पाच शाळांत मिळून एक लहान यंत्र आणि दोन रिमोट पुरतात. दोन रिमोट एकमेकांना जोडण्याची सोय असते. मुलाचे चुकू लागले की शिक्षक एका बटणाने ताबा स्वतःकडे घेतो. ज्याच्या हाती यंत्र नाही त्याने वही घ्यावी आणि नोंद करावी: किती सेकंद ठरले, वारा कुठला, आधी काय कलले, मग काय झाले. बल, वेग आणि त्वरण हे विज्ञानाच्या पुस्तकातले शब्द तिथे डोळ्यांसमोर उभे राहतात. मुलींना मागच्या रांगेत ठेवू नये. उद्या गटाचा ड्रोन त्यांच्याच हाती येणार आहे.

एक गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावी. या विद्येत असा दिवस कधी येत नाही, की आता यंत्र ठरले, बोटांना विसावा. वीस वर्षे उडवणाऱ्याचीही बोटे हलतच असतात. फरक इतकाच, की ती इतकी थोडी हलतात की पाहणाऱ्याला दिसत नाहीत. ज्याला ही सवय लागली त्याच्या ड्रोनचा संकेत शेतावर अचानक तुटला, तर तो ओरडणार नाही, धावणार नाही. कल पाहील, बोट हलवील, आणि यंत्र बांधाच्या अलीकडे माणसांपासून दूर सावकाश खाली ठेवील. त्या दिवशी खुरपणाऱ्या बायांना काही घडून गेले हे कळणारही नाही.